टॉवर, रिले आणि जादा अँटेना : डोंगराआडच्या गावाला नेट कसं पोहोचतं?

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आली की पुसद-महागावकडे आमचे काही विद्यार्थी मोबाईल घेऊन टेकडीवर चढतात. डोंगर लहरींची वाट अडवतो. यावर उपाय म्हणजे माथ्यावर रिले : टॉवरचं ऐकायचं, गावाला पुन्हा सांगायचं.

पण यात घाटा आहे. साधा रिले एकाच फ्रिक्वेन्सीवर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही, स्वतःच्याच आवाजात बाकी सगळं बुडतं. म्हणून प्रत्येक निरोपाला दोन पाळ्या लागतात. 10 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दर हर्ट्झला सेकंदाला 2 बिट बसत असतील तर 20 एमबीपीएस मिळायला हवेत. रिलेतून हाती येतात 10. पट्टा वाढवावा म्हटलं तर तो लिलावात घ्यावा लागतो, आणि 2022 च्या 5जी लिलावात एकूण बोली दीड लाख कोटींवर गेली. म्हणून दर हर्ट्झला किती बिट, म्हणजेच स्पेक्ट्रल एफिशियन्सी, हाच खरा हिशोब.

तो सुधारायचा एक मार्ग बेरजेचा आहे. टॉवरला 7 पाठवायचे आहेत, गावाला 5. वेगवेगळे पोहोचवायला चार पाळ्या. रिलेने दोन्ही ऐकून फक्त 12 सांगितलं तर? टॉवर आपले 7 वजा करतो, गाव आपले 5. दोघांनाही समोरचा निरोप मिळतो. पाळ्या झाल्या तीन. दोघं एकदमच बोलले आणि बेरीज हवेतच झाली, तर दोनच! (आठवीच्या फळ्यावर करून बघा, पोरं लगेच पकडतात.)

दुसरा मार्ग जादा अँटेनांचा, म्हणजे मायमो. दोन्ही टोकांना दोन-दोन अँटेना असल्या तर त्याच पट्ट्यातून दोन वेगळे प्रवाह जाऊ शकतात. या कल्पनेच्या पेटंटसाठी 1992 मध्ये अमेरिकेत अर्ज केला आरोग्यस्वामी पॉलराज आणि थॉमस कैलाथ यांनी. कैलाथ यांचा जन्म पुण्याचा, इंजिनिअरिंगही तिथलंच. मात्र रिलेवर चार अँटेना आणि घरी एकच असेल, तर त्या घराला सिग्नल भक्कम मिळेल, प्रवाह एकच राहील. उरलेली ताकद त्याच वेळी दुसऱ्या घरांना देता येते. उघड्यावर अँटेना अगदी समोरासमोर असल्या की प्रवाह एकमेकांत मिसळतात. तिथे एक उभी, एक आडवी अशा लहरी वापरतात.

आपल्या राज्यात आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने पालघरच्या गावांपर्यंत टीव्हीच्या रिकाम्या यूएचएफ पट्ट्यातून इंटरनेट नेऊन दाखवलं. 2017 मध्ये त्याला मोझिलाचं बक्षीस मिळालं. या लहरी झाडीतून बऱ्या पार होतात, म्हणून टिपेश्वरच्या आसपासच्या गावांसाठीही हा प्रयोग समजून घेण्यासारखा आहे.

बाजारातला 'बूस्टर' म्हणजे हा रिले नव्हे. तो विनापरवाना लावणं बेकायदेशीर आहे, शिवाय त्याने शेजाऱ्याची रेंज बिघडते.