छप्पर आणि जयणा

पूर्वी महाराष्ट्रातील घरांवर व उपाश्रयांवर कुंभाराने चाकावर घडविलेली नळीची कौले असत. वाऱ्याने, वानरांच्या उड्यांनी ती सरकत. त्यामुळे पावसाळ्यापूर्वी दरवर्षी शाकारणी अटळ असे. कौलांच्या सांदीत वर्षभर असंख्य जीव आश्रयाला आलेले असत. छप्पर उकलावे तर त्यांची विराधना. न उकलावे तर गळती, ओलीने निगोदाची उत्पत्ती आणि चातुर्मासार्थ स्थिरावलेल्या साधू-साध्वींस क्लेश!

१८६० च्या दशकात बासेल मिशनचे जॉर्ज प्लेब्स्ट यांनी मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला. एकमेकांच्या खाचेत बसणारी ही मंगलोरी कौले दरवर्षी उकलावी लागत नसत. फुटलेली तेवढी बदलली की भागे. वहीत छप्पर बदलणे खर्चाच्या बाजूस पडते; जयणेच्या दृष्टीने मात्र ती जमाच होय.