पुण्याहून निघालेलं कोर्ट

मागच्या महिन्यातली गोष्ट. रविवार, सकाळचे सात. डोंबिवलीसारख्या गावात नोकरदार माणूस या वेळी एक तर झोपलेला असतो किंवा दुधाची पिशवी आणायला खाली उतरलेला असतो. मी मात्र आमच्या सोसायटीच्या बॅडमिंटन कोर्टवर गुडघे टेकून मास्किंग टेप चिकटवत होतो. एवढ्यात वरून आवाज आला.

"अरे, हे काय नवीन खूळ?"

पाचव्या मजल्यावरचे काका. बगलेत रॅकेट, गळ्यात टॉवेल.

"पिकलबॉल, काका."

"लोणच्याचा आणि चेंडूचा काय संबंध?"

हा प्रश्न अत्यंत रास्त होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग काका जरा गंभीर झाले. "हे बघ, हे बॅडमिंटनचं कोर्ट आहे. वीस वर्षं आम्ही इथे खेळतोय. उद्या कुणी येऊन विटीदांडूसाठी गल कोरेल." टेप तशीच अर्धवट राहिली. आमच्या चार जणांच्या 'पिकलबॉल चळवळी'चा पहिला दिवस असा पाच मिनिटांत आटोपला. :)

मला आयटीत सहा वर्षं झाली. कुठलाही प्रॉब्लेम आला की आधी त्याचा लॉग बघायचा, ही सवय. इथे प्रॉब्लेम होता 'हे कोर्ट कुणाचं?' म्हणून म्हटलं, कोर्टचाच लॉग उघडू या. तो जसजसा वाचत गेलो, तसतशी मजा येत गेली. कारण पहिली नोंद निघाली थेट पुण्याची!

फूल आणि फळी घेऊन ते हवेत टोलवत राहायचं हा मुलांचा खेळ जगात फार जुना आहे, तो पुण्याने शोधला वगैरे काही नाही. पण मधे जाळी बांधून, रेषा आखून, दोन बाजूंनी खेळायचा प्रकार इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये चालू केला आणि पुण्याच्या छावणीत तो इतका रुजला की खेळाचं नावच 'पूना' पडलं. १८७३ च्या सुमाराला त्याचे नियमही पुण्यात लिहिले गेले. सुट्टीवर गेलेले अधिकारी हा खेळ विलायतेला घेऊन गेले. तिथे ड्यूक ऑफ बोफर्टच्या 'बॅडमिंटन हाउस' नावाच्या वाड्यावरून त्याचं नवं बारसं झालं. म्हणजे पुणेकरांनी नाव गमावलं आणि तेही एका घराच्या पाटीपायी. पाट्यांच्या बाबतीत पुण्यावर झालेला हा बहुधा एकमेव अन्याय असावा.

सुरुवातीचं कोर्ट वाळूच्या घड्याळासारखं होतं, मधे जाळीपाशी अरुंद आणि टोकांना रुंद. १९०१ मध्ये ते सरळ आयताकृती झालं. ४४ फूट लांब, २० फूट रुंद. हा आकडा लक्षात ठेवा.

आता एकदम सातासमुद्रापार जायचं आहे. १९६५ चा उन्हाळा, अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातलं बेनब्रिज बेट. जोएल प्रिचर्ड नावाचे तिथले आमदार (पुढे ते अमेरिकेच्या संसदेत गेले) आणि त्यांचे मित्र बिल बेल शनिवारी गोल्फ खेळून घरी आले, तर घरातली मंडळी कंटाळून बसलेली. अंगणात जुनं बॅडमिंटनचं कोर्ट होतं, पण सामान धड सापडेना. मग जे हाताला लागलं ते घेतलं: टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकं असलेला प्लास्टिकचा चेंडू. चेंडू टप्पा खाऊन बरा उसळतोय म्हटल्यावर जाळी खाली आणत आणत ३६ इंचांवर आणली. पुढच्या शनिवार-रविवारी बार्नी मॅकॅलम हे तिसरे मित्र आले, त्यांनी प्लायवूडची मोठी बॅट कापली, आणि तिघांनी मिळून नियम बसवले.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा शुद्ध जुगाड! आणि कोर्ट? ४४ बाय २०. एक इंच इकडचा तिकडे नाही. बॅडमिंटनची जाळीजवळची सर्व्हिस लाइन जाळीपासून साडेसहा फुटांवर असते, पिकलबॉलची सात फुटांवर. फरक सहा इंचांचा. त्या रविवारी मी टेप लावत होतो ती याच सहा इंचांसाठी.

लोणच्याचं म्हणाल, तर प्रिचर्ड यांच्या पत्नी जोन यांनी हे नाव दिलं. नौकांच्या शर्यतीत उरल्यासुरल्या वल्हेकऱ्यांची जी भेळ-बोट बनते तिला तिकडे 'पिकल बोट' म्हणतात, त्यावरून. त्यांच्या कुत्र्यावरून नाव पडलं अशीही एक गोष्ट आहे. पण घरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे कुत्रा नंतर आला आणि खेळावरून त्याचं नाव ठेवलं. इंजिनिअर मंडळींसाठी एक बोनस: १९८४ मध्ये बोइंगमधल्या आर्लेन परांटो या इंजिनिअरने विमानाच्या फरशीत वापरतात त्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या पॅनेलमधून हलकं पॅडल बनवलं. आजची बरीच पॅडलं त्याच वंशातली.

मग हा खेळ आपल्याकडे कसा आला? मला वाटलं होतं की कुणीतरी मोठ्या कंपनीने आणला असणार. तसं नाही. मुंबईचे सुनील वालावलकर १९९९ मध्ये भारत-कॅनडा युवा देवाणघेवाण कार्यक्रमात कॅनडात गेले होते, तिथे त्यांनी हा खेळ पाहिला. २००६ मध्ये अमेरिकेत टेनिस बघायला गेले असताना तो पुन्हा समोर आला. परत येताना त्यांनी काही पॅडलं, चेंडू आणि नियमांचं पुस्तक सोबत आणलं. २००८ मध्ये अखिल भारतीय पिकलबॉल संघटना उभी राहिली. एक पिशवीभर सामान आणि 'या, खेळून बघा' म्हणायची चिकाटी. त्या काळात या खेळाचं नाव घेतल्यावर किती काकांनी त्यांना लोणच्याचा प्रश्न विचारला असेल, देव जाणे.

आणखी एक धागा सापडला, तो मी खास काकांसाठी राखून ठेवला. नंदू नाटेकर. मूळचे सांगलीचे. १९५६ मध्ये क्वालालंपूरला परदेशातली बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय, आणि १९६१ च्या पहिल्या अर्जुन पुरस्कारांचे मानकरी. पण सुरुवात त्यांनी टेनिसने केली होती! ज्युनिअर गटात रामनाथन कृष्णन यांच्याकडून हरल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले. त्यांचा मुलगा गौरव मात्र टेनिस खेळला आणि १९९४ च्या हिरोशिमा एशियाडमध्ये लिएंडर पेससोबत दुहेरीचं सुवर्ण घेऊन आला. आणि याच गौरव नाटेकर यांनी पत्नी आरती पोनप्पा-नाटेकर यांच्यासह वर्ल्ड पिकलबॉल लीग काढली, २०२५ च्या सुरुवातीला तिचा पहिला हंगाम मुंबईत झाला. एकाच घरात तीन कोर्टं झाली, कुणीही कुणाचं कोर्ट पळवलं नाही.

हे सगळं घेऊन मी काकांकडे गेलो. खरं सांगायचं तर इतिहासाने वाद मिटत नाहीत. काकांनी सगळं शांतपणे ऐकलं, चहा पाजला आणि म्हणाले, "नाटेकरांचं ठीक आहे रे. पण आमची सकाळची वेळ गेली, तर आम्ही जायचं कुठे?"

तेव्हा माझी ट्यूब पेटली. मुद्दा खेळाचा नव्हताच. डोंबिवलीत मोकळी जागा म्हणजे काय चीज आहे ते इथे राहणाऱ्यालाच कळतं. मैदानं मोजकी, बिल्डिंगा उदंड. टेनिस कोर्टाच्या नुसत्या रेषांच्या आतच २८०८ चौरस फूट जातात, त्याचं आपण नावच काढायचं नाही. आपल्या वाट्याला आलेले हे ८८० चौरस फूट, आणि त्यावर निवृत्त माणसांचा सकाळचा एक तास. दिवसभरात कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायला लावणारा तोच एक तास. आम्ही चार नोकरदार टेप घेऊन त्याच तासावर जाऊन बसलो होतो, आणि वर इतिहासही ऐकवत होतो.

शेवटी तह झाला. सकाळी साडेआठपर्यंत बॅडमिंटन. शनिवार-रविवार साडेआठ ते दहा आम्ही. रात्री आठनंतर बंद, कारण या चेंडूचा टक-टक आवाज खरंच लांबवर जातो आणि पहिल्या मजल्यावर तान्हं बाळ आहे. टेप फिकट रंगाची, म्हणजे बॅडमिंटनवाल्यांचा गोंधळ नको.

तुम्हाला तुमच्या सोसायटीत सुरुवात करायची असेल तर अनुभवाचे चार बोल. पहिलं पॅडल उसनं घ्या. ठाणे-कल्याण पट्ट्यात आता भाड्याची कोर्टंही दिसायला लागली आहेत, तिथे ते मिळतं. उघड्यावर बारीक ४० भोकांचा चेंडू, हॉलमध्ये मोठ्या २६ भोकांचा. सर्व्हिस खालून आणि तिरकी. सर्व्हिस एक टप्पा पडू द्यायची, तिचं उत्तरही एक टप्पा पडू द्यायचं, मगच हवेतल्या हवेत मारायची मुभा. जाळीजवळच्या सात फुटांना 'किचन' म्हणतात, तिथे उभं राहून टप्पा न पडलेला चेंडू मारायचा नाही. (आमच्याकडे स्वयंपाकघरात फार लुडबूड करायची नाही हा नियम आईने आधीच लावला होता, त्यामुळे जड गेलं नाही.) ११ पॉइंटांचा गेम, दोनच्या फरकाने. धावायचे बूट नकोत, कोर्टचे घ्या. आणि डोक्यावरून गेलेल्या चेंडूमागे उलट्या पावली पळू नका, वळून पळा. आमच्यातला एक जण आपटून हे शिकलाय.

राहिले बाबा. तेही काकांच्याच ग्रुपमधले. गुडघ्यामुळे तीन वर्षांपूर्वी रॅकेट माळ्यावर गेली, तेव्हापासून ते सकाळी बाल्कनीतून नुसते बघायचे. दोन आठवड्यांपूर्वी आमचा चौथा भिडू आला नाही, तर बाबा खाली आले, "नुसता उभा राहतो," म्हणाले. कोर्ट तेवढंच, पण दोघांत वाटलेलं, त्यात खालून सर्व्हिस, उड्या जवळजवळ नाहीत. जास्त पळू नका, असं मी तीनदा बजावलं. किचनच्या रेषेवर ते जे उभे राहिले, ते गेम संपेपर्यंत. मनगट अजून तेच आहे. आम्ही ११-६ ने हरलो, त्यांच्या बाजूने नव्हतो म्हणून.

परवा काका साडेआठला घरी गेले नाहीत, बाकावर बसून राहिले. मी पॅडल पुढे केलं. "नको नको, आमचं फूलच बरं," म्हणाले. पण हातात घेऊन दोनदा फिरवून बघितलं खरं.

असो. या शनिवारी एक पॅडल जास्तीचं ठेवणार आहे.