चार अध्यापकांचे पत्र

कायद्याचे महाविद्यालय म्हटले की काळे डगले आणि जाडजूड ग्रंथ डोळ्यांपुढे येतात. मी मॅट्रिक झालेला शाळामास्तर, फावल्या वेळी कादंबऱ्या लिहिणारा. मला त्या वास्तूचे भयच वाटत आले. पण आमच्या झाडीपट्टीतल्या एका मुलीसाठी तिथली माणसे एकदा उभी राहिली. ती हकीकत सणाच्या दिवशीही सांगण्याजोगी आहे.

देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात मोलमजुरी करणाऱ्या एका अनाथ आदिवासी मुलीवर दोघा पोलिसांनी अत्याचार केल्याची फिर्याद झाली. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा मुक्त केले. अंगावर जखम नाही, आरडाओरड सिद्ध नाही. सबब संमती होती, असा निष्कर्ष निघाला.

गोष्ट येथेच मिटायची. पण दिल्ली विद्यापीठाचे उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सप्टेंबर १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. शरण जाणे म्हणजे संमती देणे नव्हे, हे त्यांचे सांगणे. ते वाचून मी वरमलो. छडीपुढे मान घालून गप्प राहिलेल्या पोराने गुन्हा कबूल केला, असे मीही कितीदा धरून चाललो होतो!

निकाल फिरला नाही. परंतु ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीत असा प्रकार घडून शरीरसंबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असे ठरले. पीडितेचे नाव छापणे हाही गुन्हा झाला. पुराव्याचा जुना कायदा १ जुलै २०२४ पासून गेला, तरी ते गृहीतक नव्या कायद्यात टिकून आहे.

म्हणूनच तिचे नाव मी येथे लिहिलेले नाही. तिला स्वतःला न्याय मिळाला नाही; मागून येणाऱ्या लेकीबाळींची वाट मात्र थोडी सोपी झाली.

२०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आले. आमची पोरेही आता कायदा शिकतात. परीक्षेत विचारोत वा न विचारोत, ते पत्र त्यांनी एकदा वाचावे, एवढेच या मास्तराचे सांगणे.