शिवाजी पार्कची सावली आणि आपली रोपं

शिवाजी पार्क म्हटलं की सभा, क्रिकेट आणि कट्टा आठवतो. कट्ट्यावरची सावली मात्र आपण गृहीत धरतो. ती कुणीतरी लावली आणि जगवली, म्हणून आज आहे.

थोडं मागे जाऊ. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या वस्त्यांत माणसं पटापट गेली. 1898 मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते, हवा, उजेड, मोकळ्या जागा हे सगळं चैनीसाठी नव्हतं, माणसं जगावीत म्हणून होतं. दादर-माटुंग्याच्या आखीव वस्त्या आणि फाइव्ह गार्डन्स याच विचारातून आल्या.

पालिकेने 1925 मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं केलं, तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. 1927 मध्ये नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने ते शिवाजी पार्क झालं. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथेच गाजल्या. आता मैदानाने शंभरी गाठली आहे.

वनमहोत्सव त्यामानाने अलीकडचा. 1950 मध्ये तेव्हाचे केंद्रीय कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी तो सुरू केला. तेव्हापासून दर पावसाळ्यात शाळा-कॉलेजची मुलं रोपं लावतात. उत्साह खरा असतो, त्याबद्दल शंकाच नाही. पण जुलैत लावलेलं रोप एप्रिलच्या उन्हात कोण बघतं? तोवर परीक्षा, मग सुट्टी. पुढच्या वर्षी मुलं वेगळी, आणि खड्डा तोच!

दुसरा धडा पर्जन्यवृक्षांचा. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं हे झाड मुंबईने आपलंसं केलं. पण गेल्या काही वर्षांत मिलीबग किडीने शहरातली अशी कितीतरी झाडं वाळली. एकाच जातीची रांग असली की कीडही रांगेनेच जाते. म्हणून नवी लागवड मिश्र हवी. बकुळ, करंज, कदंब आणि आपलं राज्यफूल देणारं ताम्हण.

करायचं काय? प्रत्येक रोप एका वर्गाच्या नावावर करा. नववीने दहावीत गेल्यावर ते खालच्या वर्गाकडे सोपवावं. निदान तीन उन्हाळे पाणी, बुंध्याभोवती मोकळी माती, आणि खोड जाड झालं की जाळी काढणं. एवढं जमलं तरी पुष्कळ.

किती रोपं लावली हे फोटोत दिसतं. किती जगली, हे पुढच्या जूनमध्ये मोजूया. तुमच्या शाळेने लावलेलं एखादं झाड आज उभं आहे का? असेल तर जरूर सांगा.