सुलोचना (रूबी मायर्स)

(१९०७ – १० ऑक्टोबर १९८३). भारतीय मूकपटांतील आघाडीच्या अभिनेत्री. मूळ नाव रूबी मायर्स. जन्म पुण्यात, बगदादी ज्यू कुटुंबात. पुढच्या काळातील अभिनेत्री सुलोचना लाटकर यांच्याशी त्यांचे केवळ नामसाम्य आहे.

त्या टेलिफोन ऑपरेटर होत्या, तेव्हा कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानी यांनी त्यांना चित्रपटासाठी विचारले. सिनेमात काम करणे तेव्हा घरंदाज मुलींना शोभणारे मानत नसत. त्यांनीही आधी नकारच दिला. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. १९२५ मध्ये त्या पडद्यावर आल्या. ‘टेलिफोन गर्ल’ आणि ‘टायपिस्ट गर्ल’ (दोन्ही १९२६) यांतून नोकरी करणारी शहरी तरुणी नायिका म्हणून प्रेक्षकांसमोर उभी राहिली. पौराणिक देव्यांना सरावलेल्या पडद्यावर ही मोठीच नवलाई होती. ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये (१९२७) त्यांनी आठ भूमिका केल्या, त्यांत माळी, पोलीस, केळी विकणारी म्हातारी अशी सोंगे होती. मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा त्यांचा पगार जास्त, अशी बोलवा होती.

इम्पीरियल कंपनीत आर. एस. चौधरी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘माधुरी’, ‘अनारकली’ (दोन्ही १९२८) आणि ‘इंदिरा बी.ए.’ (१९२९) हे चित्रपट झाले. नायक दिनशा बिलिमोरिया यांच्याबरोबरची त्यांची जोडी फार गाजली. अनारकलीच्याच कथेवर ग्रेट ईस्टर्न कंपनी सीतादेवींना घेऊन चित्रपट काढत होती. इम्पीरियलने घाईने आपला पुरा करून आधी पडद्यावर आणला.

१९३१ मध्ये बोलपट आला आणि अडचण झाली ती भाषेची. त्यांना हिंदुस्तानी सफाईने बोलता येत नव्हती. वर्षभर पडद्यापासून दूर राहून त्यांनी ती शिकून घेतली आणि ‘माधुरी’च्या बोलपटातून (१९३२) पुनरागमन केले. मग आपलेच गाजलेले मूकपट त्यांनी एकेक करून बोलते केले : ‘इंदिरा एम.ए.’ (१९३४), ‘अनारकली’ (१९३५), ‘बंबई की बिल्ली’ (१९३६). ही जिद्द त्यांच्या कीर्तीइतकीच मोलाची आहे.

पुढे रूबी पिक्स ही स्वतःची संस्था त्यांनी काढली. चाळिशीनंतर मात्र चरित्रभूमिकाच वाट्याला आल्या. १९५३ च्या ‘अनारकली’त बीना राय नायिका होत्या, सुलोचना सलीमची आई झाल्या. एकाच कथेच्या तीन चित्रपटांत, पंचवीस वर्षांच्या अवधीत, त्यांनी काम केले. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. त्यानंतरही ‘खट्टा मीठा’त (१९७८) त्या दिसल्या. मुंबईत त्यांचे निधन झाले.