जुन्या बोटीतील गिअर ऑइलची गळती कशी ओळखावी?

कोलशेतजवळील उल्हास खाडी २०१६ च्या कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग ५३ चा भाग झाली. या खाऱ्या पाण्यात जुन्या ‘स्टर्न ड्राइव्ह’ची, म्हणजे इंजिन बोटीत व गिअर-पंखा मागे पाण्यात असलेल्या यंत्रणेची, खरी कसोटी लागते. व्होल्व्हो पेंटाने अशी ड्राइव्ह १९५९ मध्ये बाजारात आणली.

तेल कमी झाले की नुसती भर घालणे धोक्याचे. तेल जेथून बाहेर पडते तेथूनच पाणी आत शिरते, बेअरिंग गंजतात आणि एखाद्या दिवशी बोट ओहोटीच्या ओढीत निकामी होते.

बोट किनाऱ्यावर घेऊन ड्राइव्हचा तळाचा स्क्रू किंचित सैल करावा. पाणी किंवा दुधाळ तेल आले, तर सील निकामी झाले असे समजावे. पंख्यामागे तेल असल्यास पंखा काढून पाहावा. शाफ्टवर गुंडाळलेला जाळ्याचा नायलॉन दोरा सील कापतो. इंजिनाकडील रबरी बेलोजमध्ये तेल आढळल्यास दोष वरच्या सीलमध्ये असतो. तरीही जागा सापडली नाही, तर तेल काढून उत्पादकाने सांगितला तेवढाच हवेचा दाब द्यावा, शाफ्ट हाताने फिरवत साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे गळती दाखवतात. स्क्रूखालचा वॉशर मात्र आधी बदलावा. सर्वांत स्वस्त भाग, पण त्याकडेच दुर्लक्ष होते.