पाऊण टन

आमच्या फणसवाडीत फणस पाहायचा तर तो बाजारातून आणावा लागतो. वाडी कसली, गल्लीच ती. बालाजीच्या देवळापाशी दोन गाड्या समोरासमोर आल्या की एकीने मुकाट्याने मागे सरायचे. या गल्लीतले प्रत्येक कपाट, प्रत्येक पिंप आणि गणपतीची प्रत्येक मूर्ती कशावर तरी लादून आत आलेली आहे. आणि लादताना कोणीतरी म्हटलेले असते, ‘‘अहो, एवढे चढेल!’’ त्या ‘एवढे’चा थोडा इतिहास मी सांगणार आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा माल बैलांच्या खटाऱ्यांतून हिंडे, आणि त्यातला मोठा वाटा कापसाचा. कापसाची एक गाठ 392 पौंडांची. अशा दोन गाठी मिळून 784 पौंडांची एक मुंबई खंडी. व्यापाऱ्याला खंडीचा भाव तोंडपाठ असे, पण बैलाला किती झेपते याचा हिशेब कोणी मांडत नसे. बैल मटकन खाली बसला की भार जास्त झाला असे समजायचे! 1874 साली दोन गोष्टी घडल्या. 9 मे रोजी शहरात घोड्यांची ट्राम सुरू झाली, आणि त्याच वर्षी जनावरांना क्रूरपणे वागवू नये म्हणून एक मंडळीही स्थापन झाली. पुढे सर दिनशा पेटीट यांच्या देणगीतून परळला जनावरांचे इस्पितळ उभे राहिले. त्याला त्यांच्या पत्नीचे, बाई साकरबाईंचे नाव आहे.

साहेबाच्या देशात तेव्हा हाच वाद जहाजांवरून पेटला होता. मालक जहाजे बेसुमार भरत आणि खलाशी बुडून मरत. सॅम्युएल प्लिमसोल या खासदाराने पार्लमेंटात आरडाओरडा केला, तेव्हा 1876 साली जहाजाच्या अंगावर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. युक्ती फार साधी. रेघ पाण्याखाली गेली की भार जास्त झाला, हे धक्क्यावरच्या पोरालाही दिसावे.

बैलाच्या अंगावर अशी रेघ कोण ओढणार? आपल्याकडे ती कागदावर ओढली गेली, तीही बऱ्याच उशिरा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला, त्यातून 1960 चा कायदा झाला आणि 1965 साली ओझ्याच्या जनावरांचे नियम आले. लहान बैलाच्या दुचाकी गाडीला हवेचे टायर असतील तर 750 किलो, नसतील तर 500. यात गाडीचे स्वतःचे वजनही आले. मला या नियमांतले सर्वांत शहाणे कलम वाटते ते चढणीचे. वाट किलोमीटरभर चढाची असेल आणि तीस मीटरांत तीन मीटरांहून जास्त चढत असेल, तर भार निम्मा! हे कलम लिहिणाऱ्याने कधीतरी गाडीला मागून खांदा दिला असला पाहिजे.

एव्हाना खटाऱ्याची जागा घेणारे वाहन गोरेगावात तयार होऊ लागले होते. 1958 साली बजाज टेम्पो ही कंपनी तिथे निघाली आणि हांबुर्गच्या विडाल आणि सन यांच्या सहकार्याने तीन चाकांची ‘हान्सेआट’ गाडी बनवू लागली. तिची ताकद पाऊण टनाची, म्हणजे पुन्हा तेच 750 किलो! ‘टेम्पो’ म्हणजे वेग. आम्ही मराठी माणसांनी त्याचा अर्थ ‘सामान वाहणारे वाहन’ असा करून टाकला. या गाडीचे एंजिन पुढे, आणि गाडी ओढायचे ते पुढच्या एकुलत्या चाकाने. मागच्या टोकाला भार टाकला की पुढचे चाक हलके होते, रस्त्याला नीट टेकत नाही आणि चढावर नुसते गरगरते. म्हणून भार किती याइतकेच तो कुठे आहे यालाही महत्त्व. जड ते खाली आणि पुढे, हलके ते वर.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. 1989 साली आम्ही फणसवाडी सोडून डोंबिवलीला निघालो तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची होते. टेम्पोत लोखंडी कपाट, जाते, भांडी, गाद्या असा सारा संसार चढला. शेवटी वडिलांच्या दोन ट्रंका राहिल्या. त्यात वर्षानुवर्षांचे दिवाळी अंक. एक अंक हातात फुलासारखा; पण दोनशे अंकांची ट्रंक दोघांना उचलेना. ड्रायव्हर म्हणाला, ‘‘काका, गाडी पुढे हलकी होईल.’’ वडील म्हणाले, ‘‘एवढे चढेल हो. दोन ट्रंकांसाठी का दुसरी फेरी करायची?’’ ट्रंका अगदी मागच्या फळीला टेकून बसल्या.

भायखळ्याच्या पुलाच्या चढणीवर चाक गरगरले आणि टेम्पो मागे घसरू लागला. क्लीनर पोरगा, चौदा-पंधराचा असेल, उडी टाकून चाकामागे दगड लावायला धावला. गाडी थांबली, त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे दगड आणि चाक यांच्यामध्ये सापडली. वडील त्याला इस्पितळात घेऊन गेले, खर्च त्यांनी केला, महिनाभर त्याच्या घरी जात राहिले. डोंबिवलीच्या घरात त्या ट्रंका पलंगाखाली गेल्या, आणि वडिलांनी त्या पुन्हा उघडलेल्या मी पाहिल्या नाहीत.

तशी भाररेषा टेम्पोवरही असते, फक्त ती वाचायची कोणाला सवय नाही. गाडीच्या अंगावर रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीची नोंदलेली मर्यादा लिहिलेली असते. मोठ्या आकड्यातून लहान वजा करावा, त्यातून आत बसणारी माणसे वजा करावी, उरेल तेवढाच माल. सिमेंटची पंधरा पोती झाली की पाऊण टन भरला. दोनशे लिटरचे भरलेले पिंप म्हणजे पाण्याचेच दोनशे किलो. कायदाही आता कडक आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे दोन हजार, आणि जादा माल उतरवायचा तो आपल्या खर्चाने.

2005 साली बजाज टेम्पोने आपले नाव बदलले आणि ‘टेम्पो’ हा शब्द कंपनीच्या पाटीवरून गेला. आपल्या तोंडून काही तो गेला नाही. त्याच वर्षी टाटांची ‘एस’ आली, जिला सगळे ‘छोटा हत्ती’ म्हणतात. चार चाकांची, आणि भार विचाराल तर पाऊण टन!

लग्नानंतर मी पुन्हा याच वाडीत आले. वडील गेल्यावर डोंबिवलीचे घर आवरले, तेव्हा असाच एक छोटा हत्ती ठरवला होता. ड्रायव्हर तरुण होता. त्याने सामानाभोवती एक चक्कर मारली, कपाटाला हात लावून पाहिला, एक ट्रंक टोकाला धरून जरा उचलली आणि म्हणाला, ‘‘बाई, हे सगळे एका खेपेत नाही जमणार.’’ मी म्हटले, ‘‘दोन खेपा करू.’’ तो जरा चकितच झाला. घासाघीस होणार असे त्याला वाटले असावे. ट्रंका मी पहिल्या खेपेला, केबिनच्या पाठीला टेकवून, अगदी खाली ठेवायला लावल्या. वाडीत उतरवताना त्याने विचारले, ‘‘यात काय आहे एवढे?’’ कुलपे गंजलेली होती. त्याच्याकडचा हातोडा मागून मी पहिले कुलूप तिथेच, ओट्यावर तोडले.